झाकणाला बांधलेलं सूत

भैय्यालाल मागावर बसण्याआधी खड्ड्यात काठी घालून पाहतो. आमच्या मोहाडी गावात खड्ड्याचे माग आता थोडेच उरले आहेत. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खालच्या खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबत विणतो. भैय्यालालच्या वडिलांना त्या खड्ड्यात एकदा मण्यार दिसली होती. दिसली, बस. चावली नाही, कोणाच्या मागं लागली नाही, लोकांनी तिला बाहेर काढलं. पण भैय्यालालच्या मनातून ती कधी बाहेर गेली नाही. आधी बॅटरीचा उजेड, मग काठीनं चारही कोपरे ठोकायचे, मग एक पाय सोडायचा, जरा थांबायचं, मग दुसरा. त्याचं लग्न व्हायच्या आधीपासून मी हे बघत आलो आहे.

गल्लीत त्याला भेवभैय्या म्हणतात. त्याच्या तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. त्याच्या विहिरीच्या बादलीला दोन दोर असत. छपराचे कवेलू फेरायला शिडी लावली की शिडी खांबाला बांधणार आणि स्वतःला शिडीला. एसटीत बसला तर मागच्या संकटकाळी उघडायच्या दाराजवळ, आणि बसल्या बसल्या त्याची कडी हलवून पाहणार. कंडक्टर ओरडला तर म्हणणार, "पायतो खुलते का नाई. खुलत नसन तं आत्ताच सांगा, मी उतरतो."

राधाबाई त्याची बायको. ती त्याच्या अगदी उलट. ती मागाशेजारी बसून चरख्यावर कांड्या भरायची आणि दिवसभर बोलायची. मी राइस मिलच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून दुपारी त्यांच्याकडं जाऊन बसतो. मला फारसं बोलता येत नाही, म्हणून मला ते घर बरं वाटायचं. तिथं बोलायची जबाबदारी राधाबाईची होती.

"टिकारामभाऊजी, तुमच्या मित्राले सांगा," ती म्हणायची, "मी मेली तं मले जाळताना दोन चिता रचजा म्हना. एक विझली तं."

भैय्यालाल धोटा फेकत म्हणायचा, "हास. हास तू."

मागच्या पावसाळ्यात तिला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय काही महिन्यांनी धरून धरून चालायला लागला. हात मात्र मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडून असायचा. बोलणं सुटं सुटं, एकेक शब्द, तेही मनात आलं तर. चरखा भिंतीशी उभा करून ठेवला. त्या घरात नुसता मागाचा आवाज उरला, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो आवाज किती मोठा आहे.

त्यांचा मुलगा कुंदन पुण्याला नोकरी करतो. तो सुट्टी काढून आला आणि जाताना आईसाठी काचेची मोठी टाकी ठेवून गेला. आईचं मन रमेल म्हणाला. टाकीसाठी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून आणला, पाणी खेळतं ठेवायची मोटर बसवली, नागपूरहून मासे आणले. भैय्यालालनं पहिल्या दिवशी स्टँडचे चारही पाय हलवून पाहिले, मग चारही पायांखाली लाकडाच्या चिपा घातल्या, मग स्टँड भिंतीतल्या खुंटीला बांधला. कुंदन हसला. राधाबाईही हसली, अर्ध्या तोंडानं. भैय्यालालनं ते हसू पाहिलं आणि टाकी घरात राहिली.

भंडाऱ्याच्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवायची. पातेल्यात पाणी आणून दिलं तर राधाबाई तोंड फिरवायची. पण एक दिवस तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि टाकीत सोडला. मासे भ्याले, पांगले, मग हळूहळू आले आणि बोटांच्या टोकांना तोंड लावू लागले. तिची करंगळी हलली. गुदगुल्यांनी हलली की तिनं हलवली, मला सांगता येणार नाही. त्या माशांत एक चपटा, पांढुरका होता. त्याच्या पराच्या कडेला काळी दातेरी रेघ होती, आमच्या टसरच्या साड्यांना असते तशी. राधाबाई त्याच्याकडं बोट करू पाहत म्हणाली, "करवती." लकव्यानंतर तिनं उच्चारलेला तो पहिला स्पष्ट शब्द. भैय्यालाल मागावरून उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी हात पाण्यात. अंगठा, मग दोन बोटं. रोज थोडं बोलणं, तेही माशांशी.

थंडी पडली आणि कुंदननं फोनवर सांगून हीटर मागवला. हे मासे आपल्याकडच्या हिवाळ्यात तगत नाहीत. काचेच्या नळीचा हीटर, पाणी ठराविक तापलं की आपोआप बंद होणारा. तो आपोआप बंद झालाच नाही. सकाळी भैय्यालाल दात घासत टाकीजवळ गेला तर काचेवर वाफ धरलेली. बोट घातलं तर आंघोळीच्या पाण्यासारखं पाणी. मासे वर तरंगत होते. त्यानं मला बोलावून घेतलं. आम्ही मगामगानं थंड पाणी घातलं, एकदम घातलं तर उरलेलेही जातील म्हणून. मोटरच्या धारेखाली करवती आणि दोन बारके मासे कल्ले उघडझाप करत उभे होते. तेवढेच वाचले.

राधाबाई खुर्चीतून सगळं बघत होती. त्यानंतर तिनं हात पाण्यात घातला नाही. जेवण पुढं आलं की मान भिंतीकडं. कितीतरी दिवस एक शब्द नाही.

भैय्यालाल मला दाराबाहेर घेऊन गेला. "टिकाराम, मले भल्लं भेव लागून राह्यलं," तो म्हणाला. त्याला भीती वाटते हे तो एरवी कधी सांगत नसे, सांगायची गरज नसे. "हे उरलेले गेले तं ही बी जाईन. बसल्या बसल्या जाईन. मी पायतच राहीन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग काढूनही घेतला.

त्यानंतर तो माग सोडून टाकीच्या मागं लागला. एका वस्तूवर भरवसा ठेवायचा नाही, तिच्यामागं दुसरी उभी करायची, हे त्याला कोणी शिकवायला नकोच होतं. त्यानं मोठा हीटर काढून टाकला आणि दोन अगदी लहान आणले. एक अडकून चालूच राहिला तरी एकट्यानं एवढं पाणी उकळणार नाही. एक बंद पडला तर दुसरा मासे गारठू देणार नाही. काचेला बाहेरून तापमापक, आत दुसरा तापमापक. दोघांचं जमलं नाही तर तो तिसरं म्हणून स्वतःचं बोट घालायचा.

मग पाण्याची भीती. लाइन गेली की मोटर थांबते आणि तिच्या नळीतून टाकीचं पाणी उलटं खाली यायला लागतं. एकदा ते त्याच्या मागाच्या खड्ड्यात उतरलं. पाय सोडला तर खाली गार, ओलं. तो किंचाळला नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला आधी पाणी आठवलं नसणार, मण्यारच आठवली असणार. त्यानं नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. पाणी थोडं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि धार तुटते. टाकीच्या वरच्या कडेला एक आडवी नळी बसवली आणि तिचं तोंड मोरीत सोडलं.

"आपल्या तलावाले सलंग असते ना," त्यानं मला समजावलं. "पानी चढलं का पाळ फुटायच्या आधी सलंगावरून निंगून जाते. तसंच हे. मालगुजारांच्या तलावाले जे पायजे ते या डबड्यालेही पायजे."

राधाबाई ऐकत होती. "तुडूम?" ती म्हणाली. तलावाचं पाणी शेतात सोडायची जागा. कितीतरी दिवसांनी शब्द आला होता. भैय्यालालनं त्याच दिवशी खालच्या बाजूला तोटी लावली.

तिचा हात पुन्हा पाण्यात गेला आणि त्याला सगळ्यात मोठी भीती सापडली. काचेच्या नळीत वीज, नळी पाण्यात, पाण्यात तिचा हात. नळीला तडा गेला तर? त्यानं नियम केला की हात घालण्याआधी प्लग काढायचे. पण राधाबाई विसरायची. तो मागावर असायचा, मागाच्या खटखटाटात झाकण उघडल्याचं ऐकू येत नसे. मागावर बसून तो सारखा मान वळवून बघायचा आणि कापडात चुका व्हायच्या. धागे सुटायचे. ज्याच्या हातून आयुष्यात धागा सुटला नाही त्याचे.

तेव्हा त्यानं ते सूत बांधलं.

टाकीच्या झाकणाला आतल्या बाजूनं एक आकडा होता. मागावर उरलेलं खळ दिलेलं सुती सूत त्यानं अनेक पदरी पिळलं, त्याचं एक टोक त्या आकड्याला बांधलं आणि दुसरं टोक हीटरच्या नि मोटरच्या प्लगांना. प्लग खाली स्टँडलाच स्क्रूनं बसवलेल्या बोर्डात. लांबी अशी मापून ठेवली की झाकण थोडंही उचललं तरी सूत ताणलं जावं आणि सगळे प्लग एकदम निघून यावेत. झाकण उघडल्याशिवाय हात पाण्यात जात नाही, आणि झाकण उघडलं की पाण्यात वीज राहत नाही. आठवण ठेवायची गरजच नाही. विसरलं तरी चालेल.

त्यानं मला कितीदा तरी उघडझाप करून दाखवलं. टक्, प्लग बाहेर. मला ते फार आवडलं. मी आयुष्यात काही बनवलेलं नाही, त्यामुळं असेल.

कुंदन फोनवर म्हणाला, "बाबा, सूत काहून? नायलॉनची दोरी लावा न."

"नायलॉनची गाठ सरकते बा," भैय्यालाल म्हणाला. "सुताची गाठ ओली झाली का उलटी घट्ट बसते. मले काय नवीन सांगतं तू?"

खरंच होतं ते. पुढं जे झालं ते त्या गाठीनं सोडलं म्हणून झालं नाही. ती शेवटपर्यंत घट्टच होती.

संक्रांतीच्या सुमारास दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. मी दुपारी गेलो, चपला दाराशी काढल्या. फरशी नुकतीच पुसलेली, वाळावी म्हणून पंखा लावलेला, पायाला गार लागली. भैय्यालाल खड्ड्यात पाय सोडून विणत होता. राधाबाई लाकडी खुर्चीत टाकीजवळ बसली होती. झाकण वर, सुताला लोंबकळणारे प्लग, आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. डॉक्टरांनी अनवाणी फिरू नको सांगितलं म्हणून ती घरात रबरी चपला घालते. उजव्या पायाची चप्पल निसटून बाजूला पडली होती. पाय उघडा, ओल्या फरशीवर. तेव्हा मी त्याकडं तेवढंच पाहिलं, चप्पल पडली आहे म्हणून.

करवती बघायला मी वाकलो आणि स्टँडच्या आडव्या लोखंडावर तळहात टेकवला.

हातात मुंग्या आल्या. कोपरापर्यंत चढल्या. मी हात काढला तर गेल्या.

मला साखरेचा आजार आहे. हातापायाला मुंग्या रोजच येतात. म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, त्याच. मग वाटलं, त्या अशा एकदम जात नाहीत. पुन्हा हात लावून बघायची छाती झाली नाही. प्लग तर डोळ्यांसमोर लोंबत होते. वीज येणार कुठून? भैय्यालालनं इतकं बारकाईनं केलेलं, आणि मी कोण, वजनकाट्यावरचा माणूस. बोललो तर हसं होईल. काही न बोलता खाली बसावं असंच माझ्या मनात आलं होतं.

"भैय्या," मी म्हणालो, अगदी हळू. "मले जराशा मुंग्या आल्यासारखं वाटलं. माझ्याच हाताचं असन."

माग थांबला.

"हात कोठी लावला होता?"

"या लोखंडाले."

"प्लग?"

"निंगले आहेत. सगळेच."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, टिकारामभाऊ, गोळी घेतली नाही का आज. भैय्यालालनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तो राधाबाईच्या डाव्या हाताकडं बघत होता. मग मीही बघितलं. तिचं झालं होतं, तिला उठायचं होतं. उठताना ती नेहमी डाव्या हातानं स्टँडचं वरचं लोखंड घट्ट धरते आणि त्यावर सगळा भार टाकते. हात उचललेला होता, आणि उजव्या पायात रबरी चप्पल नव्हती.

"राधे, हात नको..." भैय्यालाल म्हणाला, पण ती उठायच्याच नादात होती. तो खड्ड्यातून वर यायला गेला तर पाय पावडीत अडकला. मेन स्विच बाहेर ओट्यावर.

मी तिच्याजवळ होतो. तिला ओढावं, तर माझ्या हातून ओढलं जाईल का, तोल जाऊन ती त्याच लोखंडावर पडली तर काय, काही सुचेना. माझे पाय त्याच ओल्या फरशीवर. तिला आता एखादी गोष्ट सांगितली तर ती मनात उतरायला वेळ लागतो. हात लावू नका म्हटलं तर ती आधी लावेल आणि मग समजेल.

मी म्हणालो, "वहिनी, करवती कोठी गेली? दिसून नाई राह्यली मले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी आपणहून काही विचारलं नव्हतं. तिचा डावा हात हवेत थांबला. "ते... तठी," ती म्हणाली आणि त्याच हातानं दाखवायला गेली. बोट काचेकडं निघालं. लोखंड काचेला लागूनच आहे.

"नाई, नाई," मी म्हणालो. "उजव्या हातानं दाखवा न. या हातानं."

असं का म्हणालो माहीत नाही. तो हात वर येत नाही हे मला माहीत होतं. पण तिनं डावा हात मांडीवर घेतला आणि उजव्याकडं पाहिलं. तो पाण्यातून निघाला, थरथरत. मनगट, मग कोपर. पाण्याचे थेंब पडत होते. तिच्या कपाळाची शीर दिसत होती. माझ्यामागं भैय्यालाल पावडी लाथाडत होता, मग त्याची धावपळ, दाराची धडक. मी तिच्या हातावरून नजर काढली नाही. एक बोट हळूहळू इतरांपासून सुटं झालं आणि टाकीच्या कोपऱ्याकडं वळलं. तिथं, शेवाळामागं, करवती होती.

डोक्यावरचा पंखा थांबला.

भैय्यालाल आत आला. तरीही त्यानं स्टँडला हात लावला नाही. राधाबाईला खुर्चीसकट मागं ओढलं, खुर्ची फरशीवर किंचाळली, भिंत लागेपर्यंत ओढत गेला. मग तिथंच खाली बसला.

"दाखवली," राधाबाई मला म्हणाली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

गावातला वायरमन भुपेंद्र आला. आम्हाला अंगणात उभं केलं, मेन चालू केला आणि स्टँडला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मेन बंद करून त्यानं बोर्ड उघडला. आत तांबं हिरवं पडलेलं, एका बाजूला काळं. मग त्यानं सूत दोन बोटांत धरून खालपर्यंत पिळत नेलं. पाणी टपटप गळलं.

"काका, हे काय आहे? सुताले पानी पाजता काय?"

भैय्यालाल गळणाऱ्या थेंबांकडं बघत होता.

"झाकनाच्या आत वाफ धरते," भुपेंद्र म्हणाला. "थेंब गाठीवर. गाठ पिते, सूत खाली आनते, सरळ बोर्डात. बोर्डातून स्क्रूत, स्क्रूतून लोखंडात. प्लग काढा नाई तं नका काढू, बोर्ड तं चालूच. आन अर्थिंग कोठी आहे तुमच्या घरी? तिसरी पिन निरी शोभेची. तुमच्याच भेवानं मारलं असतं तुमाले."

तो गेल्यावर भैय्यालालनं ते सूत हातात घेतलं. "खळ लावतो तवा हेच होते," तो म्हणाला. "एका टोकाले भिजवलं का दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप जाते. सारी जिंदगी सूत ओलं केलं मी, टिकाराम." आणि मग, "तू बोलला नसता तं."

मी म्हणालो, "तू हासला असता तं."

त्यानंतरचे दिवस मला त्या दुपारपेक्षाही वाईट गेले. भैय्यालालनं मेन चालूच करू दिला नाही. घरात कंदील. माग बंद. तो स्टँडजवळून जाताना भिंतीला चिकटून जायचा. विजेशिवाय पाणी गारठत गेलं. टाकीला वाकळ गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या सोडल्या, तरी करवती तळाशी एका कुशीवर कलली. भुपेंद्र दोनदा येऊन परत गेला, याला त्याचंही भेव.

एका सकाळी मी गेलो तर तो बादली आणि नळी घेऊन टाकीजवळ उभा. "तलावात सोडून देतो," म्हणाला. मी म्हणालो, तिथं तर ते लगेच मरतील. तो म्हणाला, "मरू दे. घरात नको."

राधाबाई खुर्चीत होती. तिचा डावा हात टाकीच्या झाकणावर. हळूहळू तिनं उजवाही त्याच्याजवळ आणून ठेवला.

"काहून?" तिनं विचारलं.

"तुले काही झालं असतं तं मी काय करू?" तो म्हणाला. "सांग न, काय करू मी?"

ती शब्द शोधत राहिली. आम्ही थांबलो. तिच्यासोबत आता थांबावंच लागतं.

"भेवानं... वाचली," ती म्हणाली. "खरं आहे. आता... भेवानं... बसून बसून... मरू काय?"

भैय्यालालनं बादली खाली ठेवली आणि मला म्हणाला, "भुपेंद्रले बोलाव. पन तो काम करीन तवा हिले तुझ्या घरी बसव."

ती दिवसभर माझ्या घरी बसली. भुपेंद्रनं अंगणात खड्डा करून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग घेतलं. बोर्ड स्टँडवरून काढून भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर बसवला. प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर नेली, म्हणजे थेंब आला तर झोलाच्या तळाशी गळून पडेल, बोर्डापर्यंत चढणार नाही. झाकणाला आता सूत नाही, तंगूस आहे, मासेमारांच्या जाळ्याची नायलॉनची दोरी. ती पाणी पीत नाही. तिची गाठ सरकते म्हणून भैय्यालालनं गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक मारली. आणि मेनजवळ ईएलसीबी नावाची एक डबी बसली. वीज जरा जरी भलतीकडं झिरपली तरी ती सगळं घर बंद करते.

तिच्यावर एक बारकं बटण आहे. भुपेंद्र म्हणाला, ती डबी खरंच वीज तोडते का नाही हे अधूनमधून ते दाबून बघायचं. भैय्यालालनं लगेच विचारलं, "आन बटनच खराब असन तं?" भुपेंद्रनं कपाळाला हात लावला.

ते बटण राधाबाई दाबणार असं तिनंच ठरवलं. उजव्या हातानं. डबी ओट्यावरच्या भिंतीला, तिच्या खांद्याच्या उंचीवर आहे. पहिल्या शनिवारी बोट तिथवर पोचलं, पण जोर आला नाही. भैय्यालाल म्हणाला, मी दाबतो. ती नाही म्हणाली. कितीतरी शनिवार ती आंघोळ करून तिथं उभी राहायची, बोट टेकवायची आणि परत यायची. हिवाळा संपत आला. करवती सरळ पोहायला लागली होती.

मग एका शनिवारी मी आत पाटावर बसलो होतो. भैय्यालाल काठीनं खड्डा ठोकून मागावर बसला होता. राधाबाई ओट्यावर आहे, बटण दाबायला गेली आहे, हे त्याला माहीत होतं. तरी पंखा एकदम थांबला, टाकीतले बुडबुडे थांबले आणि घर गप्प झालं, तेव्हा त्याच्या हातातला धोटा खाली पडला. चेहरा त्या दुपारी होता तसाच.

"राधे?" त्यानं हाक मारली.

बाहेरून काही आलं नाही. तो उठू लागला. मीही.

"आहो," बाहेरून आवाज आला. "आहो ना. अठीच."

तो परत खाली बसला. धोटा शोधायला त्याला वेळ लागला. आता दर शनिवारी असंच होतं. दर शनिवारी तो तितकाच घाबरतो, आणि ती जरा थांबून उत्तर देते. शब्द शोधते म्हणून थांबते की मुद्दाम, हे मी तिला विचारलेलं नाही.